कुमाऊँचा वणवा, १९२१ : काडी कोणाची, शिक्षा कोणाला?

चिखली तालुक्यातील उंद्रीचा परिसर असो वा बुलढाणा जिल्ह्यातच असलेले ज्ञानगंगा अभयारण्य, फाल्गुन सरता सरता सागाची पाने गळतात आणि रानात वाळलेल्या पाचोळ्याचा थर साचतो. वनखाते जाळरेषा काढते, तरी विदर्भात दरवर्षी कुठे ना कुठे वणवा पेटतोच. कोणी मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतो, कोणी तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून रान पेटवतो, तर कोणी निव्वळ सूडापोटी काडी ओढतो. राखीव वनात आग लागली की भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ या तिघांनाही लागू होते.

मूळ कायद्यातील शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी होती. खरी मेख मात्र याच कलमाच्या एका उपकलमात आहे. आग हेतुपुरस्सर किंवा घोर हलगर्जीपणाने लागली असेल, तर अपराध्याला शिक्षा झालेली असतानाही त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क सरकार आपल्याला योग्य वाटेल तितक्या काळासाठी स्थगित करू शकते. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि गुरे साऱ्या गावाची उपाशी राहायची. शिवाय वनात हक्क असलेल्या ग्रामस्थाने आग दिसताच खबर द्यावी आणि विझवण्यास मदत करावी, असेही बंधन आहे.

ही तरतूद १९२७ साली नव्याने सुचलेली नाही. ती १८७८ च्या वन कायद्यातून जशीच्या तशी आली आहे. मधल्या ४९ वर्षांत तिची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती महाराष्ट्रात नव्हे, हिमालयात.

गोरख्यांशी झालेल्या युद्धानंतर, १८१५ साली, कुमाऊँ इंग्रजांच्या ताब्यात आले. ऑक्टोबर १८९३ मध्ये एका अधिसूचनेने, मोजणी झालेली शेतजमीन वगळता तेथील सारी पडीक जमीन ‘संरक्षित वन’ ठरली. पुढे १९११ ते १९१७ या काळात त्यातील सुमारे ३,००० चौरस मैल ‘राखीव’ करण्यात आले. सरकारला हवा होता चीड हा पाइन जातीचा वृक्ष. त्याच्या लाकडाचे रेल्वेचे स्लीपर होत आणि राळेपासून टर्पेंटाइन निघे. डोंगरातल्या शेतकऱ्याची निकड वेगळी होती. चीडच्या सुया गळून जमिनीवर गालिचा पसरला की खालून गवत उगवत नाही आणि उतारावर गुरांचे पाय घसरतात. म्हणून दर उन्हाळ्यात तो थर जाळण्याची जुनी रीत होती. काल जे शेतीचे काम होते, ते कायद्याने आज गुन्हा ठरले. त्यासोबत गुरांच्या संख्येवर, पाला तोडण्यावर आणि सरपणावरही बंधने आली.

जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत आदींच्या नेतृत्वाखाली लोकांनी ‘कुली उतार’ या वेठबिगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत बुडवल्या. (कुमाऊँतील पंत घराण्यांची परंपरा आपले मूळ कोकणात सांगते, हे मराठी वाचकाने सहज लक्षात ठेवावे.) सरकार झुकते, हे लोकांनी त्या जत्रेत पाहिले होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेकडो ठिकाणी जंगले पेटली. लाखो एकर वन जळाले आणि राळेचे साठेही भस्मसात झाले.

या आगीचा माग काढताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. जळाले ते प्रामुख्याने सरकारी उत्पन्नाचे चीडवन. गावाला चारा, सरपण आणि पाणी देणारी बांज-ओकची राने बऱ्याच अंशी वाचली. केवळ ऊन आणि वारा यांनी लावलेली आग अशी निवड करत नाही. तरीही प्रत्येक ठिणगीला देशभक्तीचा मुलामा चढवणे इतिहासाला धरून होणार नाही. काही आगी नेहमीप्रमाणे गवतासाठीच लावलेल्या असणार. नुकसानही खरेच होते. चीडची कोवळी रोपे जळून गेली.

खटले चालले आणि शेकडो लोकांना शिक्षा झाल्या. पण कायद्याची गाडी इथे रुतली. सारे गावच मौन धरून बसले तर साक्ष कोण देणार? ज्याने आग विझवायला धावायचे, तोच ती लावणारा असेल तर बंधनाला अर्थ काय? आणि सबंध प्रदेशाची चराई बंद केली, तर पुढच्या उन्हाळ्यात काय होईल?

त्याच वर्षी सरकारने कुमाऊँचे आयुक्त पर्सी विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली ‘कुमाऊँ वन गाऱ्हाणी समिती’ नेमली. समितीने पाच हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले. तिच्या शिफारशींनंतर राखीव वनांचे दोन वर्ग पडले. व्यापारी मोल कमी असलेले पहिल्या वर्गाचे वन वनखात्याकडून काढून महसूल खात्याकडे देण्यात आले आणि तेथील बंधने बरीच सैल झाली. चीडचे किफायतशीर वन मात्र दुसऱ्या वर्गात वनखात्याकडेच राहिले. माघार घेतानाही सरकारने हिशेब सोडला नव्हता. पुढे १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम आले आणि गावांना आपल्या वनाची राखण स्वतः करण्याचा कायदेशीर मार्ग खुला झाला.

कुमाऊँने एवढे शिकवूनही १९२७ च्या अखिल भारतीय कायद्यात सामूहिक शिक्षेचे ते उपकलम तसेच राहिले. तीनच वर्षांनी त्या कायद्याला वऱ्हाडातून आव्हान मिळाले. वऱ्हाडाला समुद्र नाही. जंगल मात्र होते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव रानात विनापरवाना गवत कापले आणि त्यांना अटक झाली. पावसाळ्यात रान हिरवे होते, आणि सत्याग्रहाला अहिंसेची शपथही होती. कुमाऊँत जिथे आग लावली गेली, तिथे वऱ्हाडात हाती विळा होता.