मोटारबंब (पेट्रोलवरील)

आगीच्या जागी पोचणे आणि तेथे पाण्याचा मारा करणे ही दोन्ही कामे पेट्रोल एंजिनाच्या बळावर करणारे वाहन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याने घोडे जोडलेल्या वाफेच्या बंबांची जागा बहुतांशी घेतली. पहिलेपणाच्या मानाबद्दल एकमत नाही. लंडनजवळच्या फिंचलीला मेरीवेदर कंपनीने १९०४ साली पुरवलेल्या बंबाकडे इंग्रज लेखक बोट दाखवतात. अमेरिकेत नॉक्स आणि वॉटरस या कंपन्यांच्या १९०६ मधील गाड्यांचा दाखला दिला जातो. वॉटरसच्या त्या गाडीत चाकांना एक आणि पंपाला एक अशी दोन एंजिने होती. पुढच्याच वर्षी वॉटरस कंपनीने एकाच एंजिनावर दोन्ही कामे भागवली. खरा टप्पा हाच.

पंप : सावकाश पण दमदार चालणाऱ्या वाफेच्या एंजिनाला दट्ट्याचा पंप मानवत असे. पेट्रोल एंजिन भरभर फिरते, म्हणून त्याच्याशी केंद्रोत्सारी (फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणाऱ्या) पंपाचे चांगले जमले. नळीचे तोंड एकाएकी बंद केले तरी हा पंप नुसता फिरत राहतो, एंजिन अडत नाही. उणीव एकच : विहिरीतून किंवा तळ्यातून पाणी घेताना आधी आतली हवा काढावी लागते. गिल्डफर्डच्या डेनिस बंधूंनी १९०८ साली ब्रॅडफर्डला दिलेला बंब याच जातीचा. सिनसिनाटीच्या आरेन्स-फॉक्सने मात्र दट्ट्याचा पंप सोडला नाही; तिच्या गाड्यांच्या नाकावरचा चकचकीत गोळा शोभेचा नसून पाण्याचे हिसके शोषणारी हवेची टाकी आहे.

संक्रमण : वाफेचे बंब महागडे आणि धडधाकट होते, ते मोडीत काढणे नगरपालिकांना परवडेना. शिवाय पेट्रोल एंजिन तासन्‌तास दम धरील यावर जुन्या अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. यावर जे. वॉल्टर क्रिस्टी या अमेरिकन अभियंत्याने तोड काढली. बंबाचा पुढचा आस आणि चाके काढायची व तेथे पुढच्या चाकांना गती देणारा दोनचाकी पेट्रोल ट्रॅक्टर जोडायचा. मागे बॉयलर, धुराडे, पंप सगळे जुनेच. ठाण्यात असताना तळघरातल्या शेगडीवर तापलेले पाणी नळातून बॉयलरमध्ये खेळत राही. बंब निघताच जोड सुटे आणि वाटेतच जाळ धरून वाफ चढवली जाई. असे सुमारे ६०० ट्रॅक्टर बनले, न्यूयॉर्कने त्यांतले बरेच घेतले. क्रिस्टीचे नाव पुढे रणगाड्यांमुळे गाजले, पण ही कामगिरी कमी मोलाची नव्हे.

घोडे : बंब ओढणारे घोडे लंडनमध्ये १९२१ पर्यंत, डेट्रॉइट व न्यूयॉर्कमध्ये १९२२ पर्यंत आणि शिकागोत १९२३ पर्यंत टिकले.

मुंबई : येथे पहिला मोटारबंब १९०७ साली आला आणि १९२० पर्यंत घोड्यांचे बंब बंद झाले.