स्थानिक निवडणुका आणि इंटरनेट मतदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगांकडे सोपविल्या. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. मतपत्रिका व मतदान यंत्र यांनंतरची पायरी म्हणून आज इंटरनेट मतदानाकडे पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा विचार अंतरवाली सराटी (ता. अंबड, जि. जालना) या गावाच्या संदर्भात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एस्टोनियाने ऑक्टोबर २००५ च्या स्थानिक निवडणुकांत देशभर इंटरनेट मतदानाची सोय केली. दडपणाखाली मत दिलेल्या मतदारास मुदतीत पुन्हा मत देता येते व शेवटचेच मत ग्राह्य धरले जाते, ही तेथील महत्त्वाची तरतूद होय. भारतात गुजरातने ऑक्टोबर २०१० मध्ये सहा महानगरपालिकांत हा पर्याय दिला. बिहारमध्ये २८ जून २०२५ रोजी नगरपालिका निवडणुकांत ज्येष्ठ, दिव्यांग, गरोदर स्त्रिया व स्थलांतरित यांच्यासाठी मोबाईल ॲपद्वारे मतदान झाले. महाराष्ट्रात मात्र उमेदवारी अर्जच ऑनलाईन झाले. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत तांत्रिक अडचणींमुळे आयोगाला अखेर कागदी अर्जांनाही मुभा द्यावी लागली.

मराठवाड्याचे वास्तव :
१५ जानेवारी २०२१ हा मतदानाचा दिवस ऐन गळीत हंगामातील होता. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर त्या काळात गावापासून दूर, उसाच्या फडात असतो. इंटरनेट मतदानाची सर्वाधिक गरज त्यालाच आहे. परंतु सर्वाधिक धोकाही त्यालाच आहे. मुकादमाकडून उचल घेतलेल्या मजुराने कोपीत, इतरांच्या देखत मोबाईलवर दिलेले मत गुप्त कसे राहणार? पुन्हा मत देण्याची सोय असली तरी त्यासाठी स्वतःचा मोबाईल व एकांत हवा.

दुसरा प्रश्न जोडणीचा. मराठा आरक्षण आंदोलनामुळे अंतरवाली सराटी २०२३ मध्ये देशभर चर्चेत आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली व जालना जिल्ह्यात इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली. जी सेवा प्रशासकीय आदेशाने थांबू शकते, तिच्यावरच मताधिकार अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे.

निष्कर्ष :
इंटरनेट मतदान हा पूरक पर्याय असावा, मतदान केंद्राला पर्याय नसावा. तूर्त गळीत हंगाम टाळून निवडणुका घेणे किंवा साखर कारखान्यांच्या परिसरात मतदानाची सोय करणे अधिक व्यवहार्य ठरेल. मताचा अधिकार मजुरापर्यंत पोहोचलाच पाहिजे. पण तो गुप्ततेसह पोहोचला, तरच त्यास अर्थ आहे.