स्वाराविना घोडा : हुसेन यांच्या अश्वचित्रांचे तौलनिक आकलन

आधुनिक भारतीय चित्रकलेतील प्राणिप्रतिमांचा विचार करताना मकबूल फिदा हुसेन (१९१५-२०११) यांच्या घोड्यांचा निर्देश अपरिहार्य ठरतो. या घोड्यांच्या उगमाविषयी समीक्षेत प्रभावांची एक यादी रूढ झाली आहे : मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुल, तांगकालीन चिनी मातीचे घोडे, श्यू बेइहोंग यांची शाईचित्रे, मारिनो मारिनी यांची अश्वशिल्पे, फ्रान्झ मार्क यांचे निळे घोडे. मात्र इतक्या भिन्न परंपरांतून या चित्रकाराने नेमके काय स्वीकारले आणि काय नाकारले, याचा उलगडा अशा यादीने होत नाही.

हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. बालपणीच मातृवियोग झाल्यावर कुटुंब इंदूरला गेले. तेथे देवळालीकर यांच्या मार्गदर्शनाचा अल्पकाळ लाभ झाला. पद्धतशीर कलाशिक्षण मात्र पूर्ण झाले नाही. १९३० च्या दशकात मुंबईत त्यांनी चित्रपटांचे फलक रंगविले, पुढे मुलांसाठी लाकडी खेळणी व फर्निचर घडविले. स्वयंशिक्षित चित्रकाराची खरी शाळा हीच होय. फलकाचे भव्य क्षेत्र थोड्या वेळात व्यापायचे, तर बाह्यरेषा दुरून वाचता आली पाहिजे. खेळण्यातला प्राणी ओळखू यायचा, तर त्याचा आकार मोजक्या वळणांत सामावला पाहिजे. १९४७ मध्ये हुसेन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले. १९४८ मध्ये दिल्लीतील प्रदर्शनात त्यांनी भारतीय शिल्पे व लघुचित्रे पाहिली, तेव्हा कलाशाळेबाहेर कमावलेल्या या रेषेला परंपरेचा आधार मिळाला.

श्यू बेइहोंग (१८९५-१९५३) यांच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. श्यू यांचे शिक्षण पॅरिसचे. १९४० मध्ये ते रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात राहिले होते. त्यांच्या उधळत्या घोड्यांत शाईच्या फटकाऱ्याखाली अस्थी व स्नायूंचे काटेकोर ज्ञान दडलेले असते. मार्क रंगाच्या द्वारे प्राण्याच्या अंतर्विश्वात शिरू पाहतात. मारिनी यांच्या युद्धोत्तर शिल्पांत घोड्यावरचा माणूस क्रमाने तोल गमावत जातो. हुसेन यांच्याकडे शरीररचनेचा आग्रह नाही. मागे वळलेली मान, फुललेल्या नाकपुड्या, उघडा जबडा, उचललेले पुढचे पाय यांतच संपूर्ण घोडा साकारतो. स्वार तर बहुधा नसतोच.

स्वाराचा हा अभाव विशेष अर्थपूर्ण आहे. करबलाच्या आख्यानपरंपरेत इमाम हुसैन यांचा घोडा झुलजनाह रिकाम्या खोगिराने परततो आणि धन्याच्या मृत्यूची वार्ता देतो. दुलदुल हे वस्तुतः पैगंबरांच्या खेचराचे नाव. भारतीय लोकव्यवहारात दोन्ही एकरूप झाले. बालपणी मिरवणुकीत पाहिलेला दुलदुल हुसेन यांच्या मनात कायम राहिला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हैदराबादेत बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे रामायणमालिका रंगविताना ज्या कथाविश्वाशी त्यांचा निकट संबंध आला, त्यातील अश्वमेधाचा घोडाही स्वाराविनाच भूमी आक्रमितो. पंढरीच्या वारीत रिंगणात धावणाऱ्या माउलींच्या अश्वावरही दृश्य स्वार नसतो. माउली त्यावर आरूढ आहेत, ही वारकऱ्यांची श्रद्धा. पंढरपूर हे जन्मगाव म्हणून येथे थेट प्रभाव सिद्ध होत नाही. हे साधर्म्य होय. तथापि, एकाच सांस्कृतिक प्रदेशात रिकामी पाठ शोकाची, सत्तेची आणि श्रद्धेची खूण ठरू शकते, हे त्यातून दिसते. हुसेन यांचा घोडा या तिन्ही अर्थांना वाव देतो, म्हणूनच त्याच्या चेहऱ्यावरील भाव वेदनेचा की आवेशाचा, याचा निर्णय प्रेक्षकाला सहजी करता येत नाही.

ही प्रतिमा कोणत्या परंपरेची, हा प्रश्न पुढे केवळ अकादमिक राहिला नाही. देवतांच्या चित्रांवरून झालेले खटले व धमक्या यांमुळे २००६ मध्ये हुसेन यांनी देश सोडला. २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व स्वीकारले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी योजिलेली काचेच्या घोड्यांची भव्य कलाकृती २०१९ मध्ये दोहा येथे खुली झाली. चित्रकाराला एका समाजाच्या चौकटीत बसविण्याचा आग्रह या काळात तीव्र होता. घोड्याच्या प्रतिमेचा इतिहास मात्र त्या आग्रहाला साक्ष देत नाही : करबला, अयोध्या, चीन व इटली यांच्यापैकी एकही वाट वगळली, तर तो घोडा पुरता उभा राहत नाही.