लवदार पान आणि तुडतुडे: वऱ्हाडच्या पऱ्हाटीची गोष्ट

मागच्या भागात आपण खामगावच्या कापूस बाजारात होतो. १८७० साली जलंबहून खामगावला जाणारी रेल्वे सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, एवढा तो बाजार मोठा. पण त्या गाठींमध्ये कापूस होता कुठला?

माझा प्रश्न घरचाच आहे. आजोबांनी पऱ्हाटीवर कधी फवारा मारला नाही. औषधं नव्हतीच म्हणा तेव्हा. पण पीक घरात यायचं. वडिलांचा हंगाम मात्र पंपाशिवाय निघत नाही. मधे काय झालं?

तो कापूस होता गावरान. धागा आखूड, बोंड लहान. त्यावरही तुडतुडे यायचे, पण झाड ते सोसून न्यायचं. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून कंपनीने १८४० च्या सुमारास थेट अमेरिकेतून मळेवाले आणले. धारवाडकडे थोडं जमलं, बाकी बहुतेक ठिकाणी फसलं.

अमेरिकन कापसाचं दुखणं म्हणजे तुडतुडा. मादी पानाच्या शिरेत अंडी घालते, पिल्लं रस शोषतात, पान कडेने पिवळं, मग लाल होऊन खाली वळतं. याचं उत्तर १९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनला सापडलं. तिथला तुडतुडा वेगळ्या जातीचा, पण खोड तीच. पार्नेल नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिलं, की ज्या झाडांच्या पानांवर लांब आणि दाट लव आहे, ती वाचतात. लव असली की किड्याला शिरेपर्यंत पोचताच येत नाही. इतकं साधं! अर्थात फुकट काही नाही: लवदार पानावर पांढरी माशी आणि बोंडअळीचा पतंग जास्त रमतो, तिथे गुळगुळीत पान बरं.

फाळणीत लांब धाग्याचा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला आणि आपल्याकडे अमेरिकन कापसाचा आग्रह वाढला. १९७० मध्ये सुरतेत सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण दिला. उत्पन्न वाढलं, सोबत खत आणि फवारणीही. २००२ मध्ये बीटी आलं. त्यातलं विष अळीसाठी. रस शोषणाऱ्या तुडतुड्याला त्याचं काहीच नाही. त्याला अडवायला पानावरची लवच लागते, आणि बियाण्याच्या पाकिटावर ‘बीटी’ ठळक दिसतं, पानाला लव किती ते कोण सांगतो? २०१७ मध्ये तर गुलाबी बोंडअळीनेही बीटीला जुमानलं नाही. डोमकळ्या आमच्याही शेतात दिसल्या. फरदड ठेवायची सवय आपलीच होती, हेही कबूल करतो.

मला वाटतं, आपण धागा मोजत राहिलो आणि पान पाहायचं विसरलो.

यंदा वडिलांनी बांधालगतच्या चार तासांत गावरान सरकी टोबली. विकायला नाही म्हणे, देवघरातल्या वातींना. परवा भिंग घेऊन गेलो होतो तिथे. तुडतुडे होते, पानं मात्र सरळ होती.