नोकरी सांभाळून घरची भाजी: फ्लॅटमध्ये खरंच किती पिकवता येतं?

रील बघून उत्साह येतो. रविवारी नर्सरीतून दहा-बारा कुंड्या, टोमॅटोची रोपं, खताची पिशवी असं सगळं घरी येतं. पावसाळ्यात बाल्कनी हिरवीगार दिसते. मग मार्चमध्ये ऑफिसचं इयर एंडिंग आणि ऊन दोन्ही एकदम अंगावर येतं, आणि मे महिन्यात गावाहून परत येईपर्यंत कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या उरतात. आळस हे याचं कारण फार थोड्या घरांत असतं. बहुतेक ठिकाणी चुकते ती पिकांची निवड.

आधी साधा हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. चौघांच्या घराला ते दिवसाला 1.6 किलो आणि महिन्याला 48 किलो होतात. एवढं बाल्कनीतून निघत नाही. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना रोज साधारण सहा तास थेट ऊन लागतं, आणि समोर दुसरी इमारत उभी असेल तर ते मिळणार कुठून?

मग फ्लॅटमध्ये स्वयंपूर्ण व्हायचं ते कशात? ज्या वस्तू रोज चिमूटभर लागतात, पण जुडीने घ्याव्या लागतात आणि निम्म्या फ्रीजमध्ये काळ्या पडतात, त्यात. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं, हिरवी मिरची, कोथिंबीर. यातली पहिली चार तर एकदा लागली की वर्षानुवर्षं चालतात. नोकरी करणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. टोमॅटोला आधार द्या, फुटवे काढा, कीड बघा, असं रोज काही ना काही लागतं. तो पहिल्या वर्षी नकोच.

परसबागेला वेळ का लागत नव्हता?

जुन्या घरांत न्हाणीचं, भांड्यांचं पाणी मागच्या दारी जायचं आणि तिथेच केळ, अळू लावलेलं असायचं. पाणी घालणं हे वेगळं काम नव्हतं, ते घरकामातच होऊन जायचं. फ्लॅटमध्ये मात्र प्रत्येक तांब्या उचलून न्यावा लागतो. म्हणून बाग टिकवायची असेल तर पाण्याची सोय आधी आणि रोपं नंतर.

स्वस्त उपाय म्हणजे मातीचं मडकं. बिनारंगाचं, छोट्या तोंडाचं मडकं मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून झाकण ठेवायचं. मडक्याच्या भिंतीतून मुळांना लागेल तसं पाणी झिरपत राहतं. लहान कुंडीसाठी सुती दोरी: एक टोक मातीत खोल, दुसरं पाण्याच्या बादलीत. बादलीवरही झाकण हवंच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कुंडीखालच्या ताटल्या दर रविवारी ओतून, घासून ठेवाव्यात. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी थेट कुंडीत गेलं तरी चालतं.

माती की चिपाड?

ओल्या मातीचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल वाफा म्हणजे जवळपास अर्धा टन. अशा वाफ्यासाठी गच्चीवर सोसायटीची आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी घ्यावी. बाल्कनीत तो करूच नये. यावरचं उत्तर महाराष्ट्रात केव्हाच शोधलं गेलं आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’मधून साध्या माणसांना शेतीचे प्रयोग करायला लावले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचं चिपाड वापरून गच्चीवर भाज्या घेतल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तर स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली, तीही कर्मचाऱ्यांच्या हातून, कामाच्या जागी! चिपाड मिळालं नाही तर सुका पालापाचोळा, नारळाचा भुसा आणि कंपोस्ट यांचं मिश्रण हलकं पडतं.

कंपोस्ट घरीच होतं. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये भाजीच्या देठांचा एक थर, सुक्या पानांचा दुसरा. वास यायला लागला म्हणजे ओलावा जास्त झाला, वरून सुकी पानं टाकायची. दीड-दोन महिन्यांत खत तयार. शिजलेलं उरलंसुरलं त्यात टाकू नका, उंदीर येतात.

आता वेळेचं. सकाळी दहा मिनिटं पुरतात: मातीत बोट घालून ओल बघायची आणि पानं उलटून बघायची. मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर एक लिटर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारायचं. पहिल्याच दिवशी दिसलेला ढेकूण बोटाने पुसून जातो. पंधरा दिवसांनी दिसलेला मात्र फांदी घेऊन जातो.

पेरणी रविवारी, आणि थोडी थोडी. सगळे धणे एकदम पेरले तर दीड महिन्याने कोथिंबीर एकदम तयार होते आणि मग वाटत फिरावं लागतं. दर पंधरवड्याला एक ट्रे पेरा. धणे रगडून दोन फोडी केल्या तर चांगले उगवतात. उगवायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढ्यात धीर सोडू नये. हिवाळ्यात मेथी महिन्याभरात निघते. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर लगेच फुलावर येते. तेव्हा लाल माठ घ्यावा, मायाळूचा वेल तर कठड्यावर आपला आपण चढतो.

राहिली मे महिन्याची सुट्टी. गणपतीत गावाला गेलात तरी उघड्यावरच्या कुंड्यांना पाऊस सांभाळून घेतो, मेमध्ये नाही. निघण्याआधी सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा, मातीवर सुक्या पानांचा जाड थर द्या, मडकी भरा. आठवड्यापेक्षा जास्त दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे चावी द्या आणि पुदिना हवा तेवढा तोडून न्यायला सांगा. शेंडे खुडले की तो जास्तच फुटतो.