कचऱ्याचे 80 रुपये नक्की कशाचे?

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कचऱ्याच्या पैशांवरून चांगलीच जुंपली. घरटी महिना 80 रुपये. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "प्रॉपर्टी टॅक्स भरतो ना आपण? मग हे वेगळे पैसे कसले?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. म्हणून थोडं मागे जाऊन बघितलं.

घाण उचलण्याचे पैसे घेणं आपल्याकडे नवीन नाही. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात चक्क 'हलालखोर कर' होता. मैला वाहणाऱ्या माणसांना ज्या नावानं हाक मारायचे, तेच नाव कराला! पुढे कायद्यात ते बदललं. पण गंमत बघा, कराला नाव त्या माणसाचं आणि पैसा मात्र सरळ पालिकेच्या तिजोरीत.

आता पुण्याचं बघू. आपल्या लहानपणी घरचा डबा आपणच कोपऱ्यावरच्या कुंडीत ओतायचो. पालिकेची गाडी यायची ती कुंडीपाशी. म्हणजे टॅक्समधून काम व्हायचं ते कुंडीपासून पुढचं. आणि त्या कुंडीत वाकून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका? त्यांना पगार कुणाचाच नव्हता. भंगार विकून मिळेल तेवढं. वर "चोर आहेत" म्हणून हाकलणं, पोलिसांचा त्रास.

1990 च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या बायकांपर्यंत पोचल्या. 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. त्यांची मागणी भीक किंवा अनुदानाची नव्हती. त्या म्हणत होत्या, आम्ही करतो ते काम आहे, ते काम म्हणून माना, आणि कचरा वेगळा करून आमच्या हातात द्या, उकिरड्यात हात घालायला लावू नका. पुढे पालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. कागदाचा एक तुकडा, पण त्यामुळे 'चोर' ची 'कामगार' झाली.

मग 2000 साली केंद्राचे घनकचरा नियम आले. दारोदार जाऊन कचरा गोळा करणं पालिकांवर बंधनकारक झालं. प्रश्न असा होता की दारापर्यंत जाणार कोण? बाहेरचा ठेकेदार आणला असता तर याच बायकांचं पोट गेलं असतं. पुण्यानं वेगळी वाट धरली. कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये पालिकेनं तिच्याशी करार केला. दारातून कचरा त्या उचलणार, घरं त्यांना महिन्याचे पैसे देणार, सुक्यातलं भंगार विकून येतील ते पैसेही त्यांचेच. साधनं आणि व्यवस्थापनाचा भार पालिकेवर.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे. टॅक्स कुंडीपासून पुढचा होता. हे 80 रुपये आपल्या दारापासून गाडीपर्यंतचे आहेत. ही त्या ताईंची मजुरी आहे. 2016 च्या नियमांनी तर कचरा करणाऱ्या प्रत्येकानं शुल्क द्यायचं आणि ओला, सुका, घातक असा वेगळा करून द्यायचा, हे स्पष्टच सांगितलं होतं.

ताई दोन दिवस आल्या नाहीत तर जरूर तक्रार करा. पावती मागा. टॅक्समध्ये सफाईसाठी घेतलेला पैसा कुठे जातो, हेही नगरसेवकाला खडसावून विचारा. तो आपला हक्कच आहे. पण पालिकेवरचा राग महिन्याच्या 80 रुपयांवर काढला, तर पालिकेचं काहीच बिघडत नाही. त्या दिवशी एका घरची मजुरी बुडते, एवढंच.

आमच्याकडे पैसे बंद करायचा ठराव येत्या रविवारी मताला येतोय. मी काकांच्या शेजारीच बसणार आहे, आणि हे सगळं त्यांना आधी चहावर सांगणार आहे. आणि हो, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळं द्या. मजुरी दिली म्हणून कुणाचा हात घाणीत घालायचा परवाना मिळत नाही.

तुमच्या सोसायटीत काय चाललंय? सांगा.