रंगद्रव्याविना रंग : सिलिकॉनच्या सूक्ष्म कणांची किमया

संगणकाच्या चिप ज्यापासून घडतात ते सिलिकॉन डोळ्यांना करडे, धातूसारखे चकचकीत दिसते. मात्र त्याचेच १०० ते २०० नॅनोमीटर व्यासाचे, म्हणजे मानवी केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढे, गोलाकार कण तयार केले, की ते निळे, हिरवे वा लाल दिसू लागतात. त्यांत कोणतेही रंगद्रव्य नसते. रंग मुख्यतः कणाच्या आकारमानावरून ठरतो.

रंगद्रव्य प्रकाशातील काही रंग शोषून घेते व उरलेले परत पाठवते. सिलिकॉनच्या कणाची रीत निराळी आहे. दृश्य प्रकाशासाठी सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ४ आहे. काचेचा सुमारे १.५ असतो. त्यामुळे कणात शिरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी जवळजवळ एक चतुर्थांश होते. ही आखूड तरंगलांबी कणाच्या व्यासाशी जुळली, की अनुस्पंदन घडते. तंबोऱ्याची तार आपल्या लांबीनुसार ठरावीक स्वरातच घुमावी, तसा कण ठरावीक रंगालाच प्रतिसाद देतो आणि तो रंग जोमाने विखुरतो. १०० नॅनोमीटरच्या आसपासचा कण निळा, १४० च्या आसपासचा हिरवट, तर १८० च्या पुढील लालसर दिसतो.

या विकिरणाचे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ साली मांडले. त्यांच्यासमोर प्रश्न होता तो द्रवात तरंगणाऱ्या सोन्याच्या कणांच्या रंगांचा. सिलिकॉनच्या एकेकट्या कणांतील हे अनुस्पंदन दृश्य प्रकाशात प्रयोगाने दाखवले गेले, ते मात्र २०१२ साली. प्रकाशाच्या केवळ विद्युत नव्हे, तर चुंबकीय अंगालाही हे कण प्रबळ प्रतिसाद देतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

मोरपिसाचा झळाळही सूक्ष्म रचनेतूनच येतो. परंतु तेथे अनेक कण शिस्तीने मांडलेले असतात आणि पाहण्याचा कोन बदलला की छटा बदलते. सिलिकॉनच्या बाबतीत रंग एकट्या कणाचा असल्याने तो कोनानुसार फारसा पालटत नाही.

जपानमधील कोबे विद्यापीठाचे मिनोरू फुजी आणि हिरोशी सुगिमोतो यांनी असे कण द्रवात मिसळून शाई तयार केली आहे. कणांचा एकच थर ठळक रंग दाखवतो आणि त्याचे वजन प्रति चौरस मीटर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरते. विमानांसारख्या, वजनाची काटकसर करणाऱ्या वाहनांसाठी ही बाब मोलाची ठरू शकते. शिवाय उन्हाने विटणारे रंगद्रव्याचे रेणू येथे नसतात आणि सिलिकॉन हे भूकवचात ऑक्सिजनखालोखाल विपुल असलेले मूलद्रव्य आहे.

अडचण आहे ती नेमकेपणाची. व्यासात काही दशक नॅनोमीटरांचा फरक पडला, तरी हिरव्याचा लाल होतो. निरनिराळ्या आकारमानांचे कण एकत्र आले, तर रंग फिका पडतो. म्हणूनच या रंगांचे भवितव्य एकसारखे कण मोठ्या प्रमाणावर घडवण्याच्या कौशल्यावर अवलंबून आहे.